आवाजाचं शेपूट

शेपूटमास्तर कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी एकदा टाळी वाजवत. एकच, कोरडी. मग मान कलती करून थांबत. समोरच्या भिंतीला काहीतरी विचारलं आहे आणि ती उत्तराला वेळ लावते आहे, असा चेहरा. यजमान गोंधळून बघत राहत. एका घरातल्या आजींनी तर हा काही विधी असावा असं समजून डोक्यावरून पदर घेतला होता. मास्तरांचं समाधान झालं की ते खुर्चीच्या पाठीवर बोटाच्या पेराने ठोकत, खुर्चीचंही ऐकून घेत आणि मग टेकत.

ठोका पडल्यानंतर आवाज विझत जातो, त्या विझण्याला ते शेपूट म्हणत. आमच्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी त्यावरून त्यांचं नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की मूळ नाव भाईंदरपलीकडे समुद्राकाठच्या डोंगरी गावातल्या त्यांच्या घरापुरतंच उरलं. तिथे ते पास्कू होते. "ठोका कोनपन मारतो," ते म्हणत. "मागं काय ऱ्हातं ते आयकायचं. मानसाचंपन तसंच हाय."

मी त्या काळात लग्नाच्या ऑर्केस्ट्रांत आणि मंडळांच्या कार्यक्रमांत निवेदन करत असे. म्हणजे ज्याला सूर सापडत नाही त्याला सुरांचा बादशहा म्हणायचं आणि ज्याने वर्गणी दिली त्याला दानशूर. या धंद्यात राहिलेल्या माणसाचा मोठ्या आवाजावरचा विश्वास लवकर उडतो. माझाही उडाला होता. भुताखेतांवर तर तो कधी नव्हताच. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे मला त्याची आठवण करून द्यायला कुणी नसेल.

मास्तर पहिल्यांदा मीरा रोडच्या शांती नगरला आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी हॉलमध्ये टाळी वाजवली, मग आतल्या खोलीच्या दारात उभे राहून दुसरी वाजवली आणि विचारलं, "हितं कोन कमी झालाय काय?"

माझी आई जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. माझ्या बायकोने हातातला ट्रे खाली ठेवला. ती म्हणाली, "मास्तर, चहा घेणार की नुसतंच घाबरवणार?"

"साखर कमी," मास्तर म्हणाले आणि बसले.

त्यामागचं कारण मी दुसऱ्या दिवशी शोधून काढलं. आईची खाट, गाद्या, कपड्यांचं कपाट आम्ही देऊन टाकलं होतं. कापूस आणि कपडे आवाज गिळतात. ते गेले की खोली वाजायला लागते. इतकं साधं. मास्तरांना मी हे विजयाने सांगितलं. त्यांनी मान हलवली. "बरोबर हाय. मानूस जातो तवा शेपूट लांबतं. मी तरी दुसरं काय बोललो?"

त्यांचं काम होतं बनवलेल्या आवाजांचं. मीरा रोडपासून वसईपर्यंत जितके ऑक्टोपॅड, म्हणजे विजेवरचे ढोल-ताशे, वाजवणारे होते, ते आवाज बसवून घ्यायला त्यांच्याकडे येत. भाईंदरच्या इंद्रलोकमध्ये एक वन रूम किचन भाड्याने घेऊन ते एकटे राहत. समुद्राकाठचं घर सोडून इतक्या आत का आलात असं विचारलं तर म्हणत, "खारी हवा मशीन खाते." चारी भिंतींवर त्यांनी गोधड्या टांगल्या होत्या. त्या खोलीत टाळी वाजवली तर ती तळहातांतच मरायची. बोललेलं वाक्यसुद्धा तोंडापुढे वीतभर जाऊन खाली पडल्यासारखं वाटे. पहिल्या भेटीत मी तिथून लवकर निघालो होतो.

खोलीच्या मध्यभागी एक जुनी ड्रम मशीन होती. एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतलेली. तिच्यावर कधीतरी चहा सांडला होता, तेव्हापासून तिचा छोटा पडदा काळा पडला होता आणि आकडे बदलायची बटणं मेली होती. वाजवायचे रबरी चौकोन तेवढे जिवंत होते. नवी मशीन घ्या म्हणून सगळे सांगून थकले. मास्तर जुन्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर उघडत. त्यात मशीनच्या पोटातला प्रत्येक आवाज आकड्यांमध्ये मांडलेला दिसे: किती खोल, किती जोरात, सुरुवात किती टोकदार, शेपूट किती लांब. माऊसने पट्टी सरकवली की मशीनच्या आत तो आकडा बदले. बाहेरून त्या मशीनला आता दुसरी वाटच नव्हती. आकडा बदलायचा तर तो लॅपटॉपला जोडलेल्या तारांतूनच.

"ही मिडीची तार," त्यांनी मला शिकवलं. "हिच्यातून आवाज जात न्हाय. निरोप जातो. कुठला चौकोन, किती जोरात, कुठला आकडा. बस. आवाज ज्याचा त्याच्याकडे असतो. आनि एक गंमत सांगू? निरोप कुनी पाठवला ते मशीन कधी विचारत न्हाय."

गिऱ्हाइकांशी ते आपल्याच भाषेत बोलत, म्हणजे तीन भाषांत. एकदा एक पॅडवाला येऊन म्हणाला, "मास्तर, ढोलकी थोडी मोटी करके दो ना. पब्लिक को मजा नहीं आ रहा."

"मोटी बोलू नको. शेपूट लंबा चाहिये की छोटा, वो बोल."

"वो मेरे को क्या मालूम?"

"तो पब्लिक को कैसे मालूम रे?" असं म्हणून त्यांनी एक पट्टी केसभर सरकवली. पोरगा वाजवून बघतो तर खुश. तो गेल्यावर मी विचारलं, केलंत काय? "काय न्हाय. त्याची ढोलकी रिकाम्या खोलीत वाजत व्हती. मी तिच्याजवळ दोन मानसं बसवली."

त्यांची थट्टा मशीनमधून यायची. एका स्थानिक नेत्याच्या वाढदिवसाला मी निवेदक होतो. साहेब मंचावर आले की मेघगर्जना झाली पाहिजे, असा कार्यकर्त्यांचा आग्रह. मास्तरांनी एका ढोलाचा आवाज खोल खोल नेऊन गर्जना बनवली. साहेब आले, गर्जना झाली, टाळ्या झाल्या. साहेब माईकशी गेले, "माझ्या बंधू-भगिनींनो" म्हणाले, आणि गर्जना अजून चालूच. ती विझेचना. साहेब थांबले, हसले, पुन्हा "माझ्या" म्हणाले. मैदानाच्या टोकाकडून तो गडगडाट पुन्हा फिरून आला. लोक आभाळाकडे बघायला लागले. नंतर मास्तरांना शाल आणि स्मृतिचिन्ह मिळालं. त्यांनी मंचावरच स्मृतिचिन्हावर टिचकी मारली आणि माझ्या कानात म्हणाले, "बग. आतून मोकळं, म्हनून शेपूट लांब."

पण हे सगळं पोटापाण्याचं होतं. ज्यासाठी ती मशीन होती तो आवाज वेगळाच होता.

मास्तरांचा थोरला भाऊ बावतीस. डोंगरीत लग्न असलं की घुमट त्याचं. घुमट म्हणजे मातीचा घडा. एका तोंडाला घोरपडीचं कातडं ताणलेलं, दुसरं तोंड उघडं. उजव्या हाताने कातड्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्याने उघडं तोंड झाकत-उघडत आवाजाला गोल करायचं. बावतीसचा डावा अंगठा बोटीच्या दोराने पिळून वाकडा झाला होता, त्यामुळे त्याचा तळवा नेहमीच्या वेळेच्या जरा आधी तोंडावर येई. आवाज विझता विझता मध्येच मिटायचा. बोलणाऱ्याने शेवटचा शब्द गिळावा तसा. शिवाय दोघे भाऊ एकत्र वाजवायला बसले की पास्कू आधी वाजवायचा आणि बावतीस अर्धा श्वास मागून उत्तर द्यायचा. गावात त्याला ओळखायची हीच खूण होती.

एकदा तो मासेमारीच्या बोटीवर गेला. पहाटे चहासाठी बाकीच्यांनी हाक मारली तर तो बोटीवर नव्हता. रात्री कुणी काही ऐकलं नव्हतं. समुद्र शांत होता. काहीच सापडलं नाही.

घरी त्याचं घुमट खुंटीला तसंच राहिलं. खाऱ्या हवेने आणि उंदरांनी त्याचं कातडं संपवलं. घोरपड मारायला बंदी, त्यामुळे नवं कातडं नाही. एका लग्नाची कॅसेट होती, तिच्यात फक्त ब्रास बँड ऐकू येई. बावतीसचा हात आता दोनच माणसांच्या कानात उरला होता: मास्तरांच्या आणि त्याच्या बायकोच्या.

तिला मास्तर वयनी म्हणत, मी मावशी. मावशींनी नवऱ्यासाठी चर्चमध्ये कधी मिस्सा, म्हणजे मृतात्म्यासाठीची प्रार्थना, होऊ दिली नाही. मृतांच्या यादीत नाव दिलं नाही. तसबिरीपुढे मेणबत्ती लावली नाही. काळा रंग अंगाला लावला नाही. मास्तरांनी घुमटाचा आवाज मशीनमध्ये बनवायला घेतला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बनव. ज्या दिशी तुज्या डब्यातून त्याचा हात वाजेल, त्या दिशी मी मानीन तो गेला. जित्या मानसाचा हात मशीनीत जात न्हाय."

ही समजूत गावात आणखी कुणाची नव्हती. त्यांची एकटीची होती. पण माणूस स्वतःपुरता जो कायदा करतो, तो सरकारी कायद्यापेक्षा फार कडक पाळतो. दर वर्षी गावच्या सणाला मास्तर लॅपटॉप आणि मशीन घेऊन भाईंदरहून बसने डोंगरीला जात, जेवणं झाली की एक ठोका ऐकवत. मावशी डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "जवळ आला. पन तो न्हाय." मग उठून सगळ्यांना पुन्हा गोड वाढत. नापास झालेले मास्तर आनंदाने दोनदा घेत.

मला वाटे, केवढी ही चिकाटी. ज्याला निवेदनात आपण साधना म्हणतो आणि म्हणताना घड्याळाकडे बघतो.

एका दुपारी मी त्यांच्या खोलीवर होतो. ते पडद्याकडे तोंड करून बसले होते, मी मागे स्टुलावर. घुमटाच्या शेपटाचा आकडा अठ्ठेचाळीस होता. त्यांनी तो सत्तेचाळीस केला. चौकोनावर बोट टेकवलं.

मला फरक कळला असं म्हटलं तर ते खोटं होईल. एक गोल, मातकट ठोका वाजला आणि मध्येच मिटला. फक्त मी वळून दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. का पाहिलं ते मला सांगता येत नाही. मास्तरांकडे बघतो तर तेही दाराकडेच बघत होते.

मग त्यांनी आकडा पुन्हा अठ्ठेचाळीस केला.

"मास्तर," मी म्हणालो, "हा तोच होता ना?"

"व्हय."

"कधीपासून तयार आहे?"

"झाली वरसं." त्यांनी चष्मा पुसला. "एक आकडा मागं ठेवतो. तेवढाच."

"मावशींना खोटं सांगताय."

"मी कुठं काय सांगतो? मी वाजवतो. सांगते ती." मग म्हणाले, "अरे बोलक्या, तुमच्या निवेदनात कसं, एक कार्यक्रम संपला की पुढचा. तिच्याकडे पुढचा कार्यक्रम न्हाय."

ही तडजोड अशीच चालली असती. पण बावतीसच्या मुलीचं, ल्युसीचं, लग्न ठरलं. बाप गेला तेव्हा ती बालवाडीत होती. आता ती दवाखान्यात नर्स होती आणि तिच्या बोलण्यात आईचं किंवा काकाचं घुटमळणं नव्हतं. ती इंद्रलोकला आली, गोधड्यांच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "काका, फादर विचारतायत. लग्नाच्या मिस्सामध्ये गेलेल्यांसाठी प्रार्थना असते, त्यात पप्पांचं नाव घ्यायचं की नाही. मम्मी म्हणते नाही. मग पहिल्या बाकावर त्यांची जागा ठेवू का? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोड."

"बरं, सोडलं. माझं सांगते. मला एकतर पप्पा पाहिजेत, नाहीतर पप्पा गेलेले पाहिजेत. हे मधलं नको. मी उद्या सासरी गेल्यावर मम्मी काय करणार, माहितीये? रोज दोन ताटं वाढणार, एक पप्पांचं. आत्ताही त्यांचं वाढते. ते मी संपवते म्हणून कुणाला कळत नाही."

मास्तर मशीनवरची धूळ पुसत राहिले. तिथे धूळ नव्हती.

"आदल्या संध्याकाळी विहिरीचं पाणी आणताना घुमट पाहिजे," ल्युसी म्हणाली. "तुम्ही वाजवायचं. मम्मी जे म्हणेल ते म्हणेल. तिचाच नियम आहे. पण या वेळी मनापासून वाजवा." ती निघून गेल्यावर खोलीत तिच्या आवाजाचा मागमूसही उरला नाही. ती खोलीच तशी होती.

"काय करणार?" मी विचारलं.

"अठ्ठेचाळीस," मास्तर म्हणाले. "आनि काय?"

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर डोंगरीला गेलो. ज्या विहिरीच्या पाण्याने दुसऱ्या दिवशी नवरीची अंघोळ होते, ते पाणी आणायला बायका कळश्या घेऊन वाजतगाजत निघतात, आणि निघायच्या आधी अंगणात घुमटावर एक गाणं होतं. मांडवाखाली टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि मशीन, बाजूला भाड्याचा स्पीकर. घुमटाची रिकामी खुंटी ओसरीवरून दिसत होती. मास्तर घाईत तारा जोडत होते, कारण बँडवाले वैतागले होते आणि एक आत्या सारखी विचारत होती, "झाला का रं? कळश्या डोक्यावर घेऊन मान मोडली." मी आकडा पाहिला. अठ्ठेचाळीस. मास्तरांनी मी पाहिलेलं पाहिलं आणि लॅपटॉपचं झाकण अर्धं पाडलं.

मावशी उंबऱ्यात बसल्या होत्या. मोरपंखी लुगडं, केसांत फुलं. आजही त्या लग्न झालेल्या बाईसारख्या नटल्या होत्या आणि त्याकडे न बघण्याची सगळ्यांना सवय होती.

बायकांनी गाणं उचललं. मास्तरांनी पहिला ठोका दिला.

आणि त्याला उत्तर आलं.

अर्धा श्वास मागून, तसाच गोल आणि मातकट. मध्येच मिटलेला.

मास्तरांची बोटं थबकली, मग सवयीने पुढे गेली. ठोका, आणि मागून ठोका. त्यांनी लय वाढवली, मागचाही वाढला. अंगणातल्या म्हाताऱ्या माणसांनी एकेक करून फाटकाकडे माना वळवल्या. ज्यांनी बावतीसला पाहिलंही नव्हतं अशी तरुण मुलंही वळली. फाटकात कुणी नव्हतं. बाहेर रस्त्यावर एक रिक्षा उभी होती आणि रिक्षावाला आत काय चाललंय ते वाकून बघत होता. बायकांचं गाणं एका कडव्यापाशी सुटलं आणि नुसतं घुमट उरलं, दोघांचं. मास्तरांनी हात उचलले, छातीशी धरले.

त्यानंतरही एक ठोका आला. मग गप्प.

कुणीतरी क्रूसाची खूण केली. ल्युसी आईकडे बघत होती. मावशींनी डोळे मिटलेले नव्हते. त्या हळूच उठल्या, अंगणात आल्या आणि मास्तरांपुढे उभ्या राहिल्या.

"पास्कू, इतकी वरसं लबाडी केलीस ना?"

"कसली, वयनी?"

"मना कळत व्हतं. दर सनाला आवाज जवळ यायचा नि थांबायचा. उंबऱ्यावर येऊन मानूस थांबतो तसा. तूच थांबवायचास." त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "मीपन गप ऱ्हायली. आज तू त्याला आत घेतलास. बरं केलंस."

मास्तरांची नजर लॅपटॉपच्या अर्ध्या पडलेल्या झाकणाकडे गेली.

मावशींनी केसांतली फुलं काढली. ल्युसीला जवळ घेऊन म्हणाल्या, "उद्या फादरला सांग, बापाचं नाव घे म्हनावं. आता चला, पानी आनू. अंधार व्हायच्या आत." आणि एका पोरीच्या डोक्यावरची कळशी घेऊन स्वतःच पुढे निघाल्या. आत्या म्हणाली, "अगो, वाजवा की कुनीतरी," तेव्हा कुठे ब्रास बँडवाल्यांना आपण कशासाठी आलोय ते आठवलं.

परतताना रिक्षात मास्तर मांडीवरच्या तारा एकेक करून गुंडाळत होते. मग एकदम म्हणाले, "चूक माझी. तारा दोन असतात, जायची आनि यायची. घाईत दोन्ही लावल्या. परतीचा निरोप बंद करायचा इसरलो. मी मारलेला ठोका कॉम्प्युटरात जाऊन फिरून मशीनीत आला. म्हनून दोनदा वाजला."

"असं होतं?"

"नवशिक्यांचं रोज व्हतं. माझं कधी झालं न्हाय."

मला हायसं वाटलं. कारण असलं की मी सुखी असतो. "आणि आकडा?" मी म्हणालो. "ऐन वेळी तुम्ही सत्तेचाळीस केलात. चांगलं केलंत."

रिक्षा एका वळणावर कलली. मास्तर म्हणाले, "तिलापन तसंच वाटतं. मी हात लावला न्हाय रे."

इंद्रलोकला पोचल्यावर आम्ही दोघांनी मिळून पाहिलं. लॅपटॉपमध्ये जी फाइल उघडी होती तिच्यात शेपटाचा आकडा अठ्ठेचाळीस होता. मग मास्तरांनी सॉफ्टवेअरकडून मशीनला विचारणा केली, तुझ्या पोटात आता काय आहे. तारेतून उत्तर आलं. सत्तेचाळीस.

त्या मशीनची बटणं मेलेली होती. तिच्यातला आकडा बदलायचा तर तो लॅपटॉपमधून. आणि लॅपटॉपला त्याचा पत्ताच नव्हता. फिरत्या निरोपांच्या गर्दीत एखादा आकडा घसरू शकतो म्हणे. मी नंतर चौकशी केली, एका जाणकाराने सांगितलं, अशक्य नाही. मग शेकडो आकड्यांतून नेमका तोच कसा घसरला, आणि नेमका एकानेच कसा, यावर तो म्हणाला, योगायोग. मी ते मान्य केलं आहे. मान्य करण्यावाचून माझ्यासारख्या माणसाला गत्यंतर नसतं.

मास्तरांनी मात्र पडद्याकडे बघत एवढंच म्हटलं, "निरोप कुनी पाठवला ते मशीन विचारत न्हाय." आणि मशीनची पिन काढली.

मावशींना त्यांनी हे कधी सांगितलं नाही. मावशी पुढे काळी साडी नेसू लागल्या, दर वर्षी मिस्सा सांगू लागल्या आणि एकच ताट वाढू लागल्या. मास्तर सणाला जात राहिले, पण हात हलवत. गिऱ्हाइकांची कामं करत, नव्या मशीनवर. जुनीवर त्यांनी फडकं टाकलं. घरांत शिरताना टाळी वाजवायची सवय तेवढी राहिली. पण आता टाळीनंतर ते जास्त वेळ थांबत, आणि काय ऐकलं ते सांगत नसत.

नंतर तेही गेले. झोपेत, एका रविवारी, गोधड्यांच्या त्या खोलीत. कुणी काही ऐकलं नाही.

ल्युसीने मला खोली रिकामी करायला बोलावलं. भिंतीवरच्या गोधड्या तिने घडी करून आईसाठी घेतल्या. जुनी मशीन डोंगरीला जाणार होती, ओसरीवर घुमटाच्या खुंटीखाली ठेवायला. "हे सुरू कसं करायचं?" तिने विचारलं. मी म्हणालो, मला माहीत नाही. ते खरं होतं आणि बरंही होतं. शेवटचं सामान घेऊन ती टेम्पोबरोबर खाली गेली. चावी मी मालकाला द्यायची होती.

खोलीत काही म्हणजे काही उरलं नव्हतं. उघड्या भिंती, उघडी फरशी, खिळ्यांची भोकं. पडदेही नव्हते. अशा खोलीत टाळी चांगली लांब वाजते, छतापर्यंत जाऊन परत येते. हे मला आता कुणी शिकवायला नको होतं. मास्तरांना निरोप द्यायची माझ्यापाशी दुसरी रीत नव्हती, म्हणून मी मधोमध उभा राहिलो आणि एक टाळी वाजवली. एकच, कोरडी.

ती तळहातांतच विझली.

मी मान कलती करून थांबलो. भिंतीने काही सांगितलं नाही. माणसांनी भरलेल्या खोलीत शिरल्यावर बोलणं जसं आपोआप दबतं, तसा माझा श्वास दबला होता. चौकस माणसाने अशा वेळी दुसरी टाळी वाजवून खात्री करून घ्यायला हवी. मी हात वर केलेही होते.

मग ते खाली घेतले आणि आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं.